माझ्या नावावरचा श्वास

त्रिशला पौषात गेली. पण माझं काय गेलं ते मला कळलं चैत्रात, बनबनच्या काउंटरमागे, भर दुपारी. सांगितलं नौशाद मुल्लाने. आपण काय सांगतोय हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

बनबन ही बर्गरची साखळी. तिच्या मिरजेतल्या दुकानाचा मी मॅनेजर, भूपाल मगदूम. नौशाद आमच्या ऑर्डर घेणाऱ्या मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर. तो मशीनची चाळणी बदलायला आला होता. स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "साहेब, आता बरी आहे ना तब्येत?"

बायको गेल्यावर सगळेच विचारतात. मी म्हटलं, "बरी आहे."

"न्हाई, तुमच्या नावावर गेल्या वर्षी तांबडी खूण होती. श्रावणात लागली, दिवाळीनंतर गेली. म्हटलं, औषध लागू पडलं वाटतं."

"कसली तांबडी खूण?"

नौशादने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तुम्हाला सांगितलं न्हाई त्यांनी?"

"कुणी?"

"मग मीबी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. पण मी त्याला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि त्याला सांगावं लागलं.

बनबनमध्ये ऑर्डर मशीनशी बोलून द्यायची असते. माणूस बोलतो तेव्हा श्वास बाहेर टाकतो, आणि हनुवटीच्या उंचीवर बसवलेली बारीक चाळणी तो आत ओढून घेते. आपल्या श्वासात शेकडो प्रकारच्या वाफा असतात, अगदी थोड्या, पण असतात. माणूस बराच वेळ उपाशी असला की शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं. त्यातून अॅसिटोन तयार होतं आणि श्वासात येतं. नखांचा रंग पुसायच्या औषधाला ज्याचा वास असतो तेच हे. चाळणीमागे धातूच्या ऑक्साइडचे पातळ थर असतात. जशा वाफा लागतील तशी त्यांच्यातून जाणारी वीज कमीजास्त होते. त्यावरून समोरचा किती भुकेला आहे ते मशीनला कळतं. भुकेला असेल तर पडद्यावर मोठा कॉम्बो पुढे येतो, नसेल तर नुसतं आइस्क्रीम. एकादशी सोडणारी माणसं सकाळी आली की आमचा सगळ्यात मोठा कॉम्बो आपोआप खपायचा. कंपनीने मशीन त्यासाठीच घेतलं होतं. भूक हुंगायला.

पण नाक बसवलं की ते काय काय हुंगेल यावर आपला ताबा राहत नाही. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, स्वादुपिंड यांच्यात बिघाड सुरू झाला की तिथल्या पेशी वेगळ्या वाफा सोडतात. काही वेळा माणसाला दुखायला लागायच्या कितीतरी आधी. असे श्वास भुकेच्या कुठल्याच साच्यात बसेनात, म्हणून मशीन ते बाजूला ठेवायला लागलं. मुख्य कार्यालयातल्या कुणीतरी ते रुग्णांच्या श्वासांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. जे जुळले, त्यांच्यापुढे तांबडी खूण आली. ही खूण दुकानात कुणाला दिसत नव्हती, फक्त नौशादसारख्यांना मशीन उघडल्यावर दिसायची. गिऱ्हाइकाची असेल तर तिचं पुढे काहीच होत नव्हतं. कर्मचाऱ्याची असेल तर ती एच.आर.कडे जायची, कारण कर्मचाऱ्यांच्या विम्याचा हप्ता कंपनी भरते.

पण त्या मशीनला मी कधी ऑर्डर दिलीच नव्हती.

मी बनबनचं कधी खात नाही. जेवढं बनवताना बघतो तेवढं पुरतं मला. त्रिशला रोज दुपारी घरून माझा डबा घेऊन यायची. भाकरी, पालेभाजी, ताक. मी मागच्या खोलीत ते खायचो आणि माझ्या वाट्याचं स्टाफ मील ती घ्यायची. स्टाफ मील दुसऱ्याला देऊ नये असा नियम होता, पण मिरजेत तो पाळताना मी कुणाला पाहिलं नाही. आमचे सगळे मॅनेजर घरचा डबा खायचे आणि ज्याने डबा आणला तो बर्गर खायचा. ती माझं स्टाफ कार्ड मशीनला टेकवायची आणि म्हणायची, "कॉर्न बर्गर. कांदा नको. चीज जरा सढळ हातानं घाल रे बाबा." मशीनशी ती असंच बोलायची. मशीन आवाजाकडे फक्त ऑर्डरपुरतं बघायचं. माणूस कोण हे ते कार्डावरून ठरवायचं.

त्यामुळे तिचा श्वास रोज माझ्या नावावर जात होता.

भाद्रपदात कंपनीने मला पुण्याला संपूर्ण तपासणीसाठी बोलावलं होतं. एच.आर.च्या केतकी सबनीस यांचा फोन आला होता, "मगदूम सर, अभिनंदन, उत्तम मॅनेजरांसाठी आपली योजना आहे." आम्हाला दोघांनाही बरं वाटलं. त्रिशला बरोबर आली. पुणं बघायला मिळेल म्हणून तिने नवी साडी नेसली होती. दिवसभर मला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत होते, यंत्रात घालत होते, सुया टोचत होते. ती बाहेर बाकावर माझा शर्ट आणि चष्मा मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखे ठणठणीत आहात. ती म्हणाली, "बघा, भाकरी कुणाच्या हातची आहे."

दिवाळीत तिची पाठ दुखायला लागली. दिवाळीनंतर डबा घेऊन येणं तिला जमेना. डॉक्टरांनी स्वादुपिंड म्हणून सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि ती यायची थांबली तशी माझ्या नावावरची खूण गेली. मशीनच्या लेखी मी बरा झालो.

मी सबनीसबाईंना फोन केला. आवाज चढवला नाही.

"मला पुण्याला का बोलावलं होतं?"

त्या म्हणाल्या, "सर, तुमची तपासणी क्लिअर आली होती. चांगलंच झालं ना?"

"कारण का सांगितलं नाही?"

"अशा गोष्टींत कर्मचाऱ्याला घाबरवायचं नाही, अशी पॉलिसी आहे. आणि मशीन चुकलंच होतं ना."

"मशीन चुकलं नव्हतं. तो श्वास माझ्या बायकोचा होता. मशीनला तुमच्या श्वासात काहीतरी सापडलंय, एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असता तर मी त्याच क्षणी तिला बाकावरून उठवून आत पाठवलं असतं."

त्या म्हणाल्या, "आय अॅम सो सॉरी, सर." आणि मग, "पण स्टाफ मील तुम्ही त्यांना देत होता हे कृपया फोनवर बोलू नका."

मी फोन ठेवला.

नौशाद अजून तिथेच होता. मी विचारलं, "गिऱ्हाइकांची खूण मला दिसेल असं करता येतं?"

"सर्व्हिस मोड चालू ठेवला तर दिसंल. पण माझी नोकरी आहे साहेब."

"मशीन बिघडलंय असं लिही. निरीक्षणाखाली ठेवलंय म्हण."

त्याने चाळणी पुसून परत बसवली. "वहिनी मला दर खेपेला ताक द्यायच्या," तो म्हणाला, आणि सर्व्हिस मोड चालू ठेवून गेला.

आठवड्याभरात माझ्या आतल्या पडद्यावर पहिली खूण आली. शाळेच्या व्हॅनचे चालक हणमंत पुजारी. पोरांना सोडून झालं की कोपऱ्यातल्या टेबलावर फ्राइज खात बसायचे. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"हणमंतराव, एक बोलायचंय."

"बिल चुकलं का?"

"बिल नाही. तुमचा श्वास."

त्यांनी तळहात तोंडापुढे धरून फुंकर मारली. "वास येतोय व्हय? सकाळी कांदा खाल्लाय."

मी सगळं सांगितलं. मशीन काय करतं, खूण कशी येते, माझ्या घरी काय झालं. ते चावायचे थांबले. मग म्हणाले, "तुमच्या मशीनला काल दोन सॉस सांगितले तर एकच दिला. आन ते माझं पोट बघणार?"

"चुकलंही असेल. बऱ्याचदा चुकतं. तपासून घ्या एवढंच म्हणतोय."

"साहेब, माणूस हितं खायला येतोय. तुम्ही घास काढून घेताय तोंडातला." ते उठून गेले. फ्राइज तशाच टाकून.

आमची शिफ्ट इन्चार्ज रेश्मा कांबळे हे सगळं लांबून बघत होती. म्हणाली, "सर, एक गिऱ्हाईक घालवलं तुम्ही."

"जाऊ दे."

"नाही, मी विचारतेय, असं किती जणांना सांगणार?"

"दिसेल त्याला."

हणमंतराव महिन्याने आले. पोटावर टाके होते, हळू चालत होते. यकृतावर एक लहान गाठ होती, ती काढली होती. माझ्याशी बोलले नाहीत. मशीनसमोर उभे राहिले, ऑर्डर दिली, आणि माझ्याकडे वळून भुवया उडवल्या. मी आत पडद्यावर बघितलं आणि मान हलवली, काही नाही. तेव्हा ते बसले आणि त्यांनी सगळ्या फ्राइज खाल्ल्या.

पण हे सगळ्यांच्या बाबतीत झालं नाही. वैजयंती मराठे नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांना सांगितलं, त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, काहीही निघालं नाही. त्यांचे यजमान दुकानात आले. भर गर्दीत उभे राहून म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. बर्गरच्या दुकानाचा मॅनेजर आहे."

"मग कुठल्या अधिकाराने बोललात? दोन आठवडे आमच्या घरात चूल नीट पेटली नाही. माझ्या बायकोने मुलीला दागिने वाटून द्यायला काढले होते."

"तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो."

"पुन्हा असं करणार नाही म्हणा."

"ते म्हणणार नाही."

त्यांनी हातातला ट्रे माझ्या अंगावर टाकला. शर्टावर सॉस सांडला. त्यांनी तिथेच उभं राहून कंपनीकडे तक्रार केली. रेश्माने मला ओला फडका दिला आणि म्हणाली, "घरचा पत्ता नाही विचारला त्यांनी, नशीब समजा."

मिरज हे दवाखान्यांचं गाव. आमच्याकडे खाणारी निम्मी माणसं पेशंटबरोबर आलेली असतात. कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून येतात, वॉर्डाबाहेर जमिनीवर झोपतात, आणि चहापेक्षा जास्त भूक लागली की आमच्याकडे येतात. त्या आठवड्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं, दुसऱ्या कुणाचं तरी. त्यांनी मशीनला हळू आवाजात विचारलं, "यात तिखट कमी असतं का? आमच्या यांना चालत नाही." मशीनने मोठा कॉम्बो दाखवला. बाई उपाशी होत्या, ते त्याने बरोबर ओळखलं होतं. आणि माझ्या पडद्यावर तांबडी खूण आली. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या खुणांपेक्षा गडद.

मी तेव्हा तळणीवर होतो, आमचा एक माणूस आला नव्हता म्हणून. हात पुसून बाहेर आलो. त्या पार्सल घेत होत्या.

"ताई, एक मिनिट."

"दादा, वॉर्डातून फोन आलाय, डॉक्टर राउंडला आलेत."

"तुमच्याबद्दलच बोलायचंय."

"माझं काय, मी बरी आहे. पेशंट ते आहेत." आणि त्या गेल्या. मी एप्रनसकट मागे धावलो. दवाखान्याच्या फाटकावर वॉचमनने अडवलं. पेशंटचं नाव विचारलं. मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भेटीच्या वेळेत तीन दवाखान्यांचे वॉर्ड फिरलो. त्या दिसल्या नाहीत.

घरी आलो आणि विचार केला. एकेकाला गाठून, समोर बसून, योग्य शब्द शोधून सांगायचं, यात माणसं निसटणारच. मशीन श्वास घेतं हे माणसाला माहीत असलं पाहिजे, म्हणजे तो स्वतःच विचारेल. रंगाऱ्याकडून एक पाटी करून घेतली आणि मशीनच्या वर ठोकली.

"हे मशीन तुमचा श्वास हुंगते. भूक कळावी म्हणून. त्याला आजाराची शंकाही येते. ती बऱ्याचदा चुकीची असते. काय दिसले ते विचारल्यास सांगू. भूपाल मगदूम, मॅनेजर."

पहिल्या दिवशी लोक पाटी वाचून मागे सरले. एक कॉलेजची पोरगी नाक दाबून ऑर्डर द्यायला लागली, तर मशीनला तिचं बोलणं समजेना. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, काही न मागता मशीनवर जोरात फुंकले आणि काउंटरवर येऊन म्हणाले, "बोला." मग रांग लागली. बर्गर कमी खपायला लागले आणि माणसं जास्त यायला लागली. रेश्मा म्हणाली, "सर, फ्राइजबरोबर रिपोर्ट असा कॉम्बो काढूया." तिने स्वतःही फुंकलं, पण आधी मला पाठ फिरवायला लावली.

शनिवारी केतकी सबनीस पुण्याहून आल्या. बरोबर कंपनीचे वकील होते. दुकानात शिरून त्यांनी आधी पाटी पूर्ण वाचली.

"मगदूम सर, बसा. बोलू या."

"तुम्ही बसा. चहा सांगू?"

त्या बसल्या. बाई वाईट नव्हत्या. डोळ्याखाली काळं आलं होतं. "चारातल्या तीन खुणा खोट्या निघतात, सर. म्हणून आम्ही सांगत नाही. आम्ही दवाखाना नाही. उद्या कुणी धसक्याने मेलं तर?"

"मग तेही सांगा. चारातल्या तीन खोट्या असतात असं सांगा. ऐकणारा ठरवेल काय करायचं ते."

वकील म्हणाले, "सांगितलं की जबाबदारी येते. जे माहीतच नाही त्याची जबाबदारी नसते."

"पण तुम्हाला माहीत आहे."

"ते सिद्ध करावं लागेल."

सबनीसबाईंनी एक कागद पुढे केला. मशीनमध्ये मला कुठलीही खूण दिसत नाही आणि यापुढे मी गिऱ्हाइकाशी तब्येतीबद्दल बोलणार नाही, असं त्यावर होतं. सही केली तर पुण्याला प्रशिक्षण केंद्रात वरची जागा. "तुमच्यासाठी भांडून मिळवलीय मी," त्या म्हणाल्या. "आणि त्या वेळी कंपनीने तुमची तपासणी केली होती, हे विसरू नका. कुठली कंपनी करते एवढं?"

"माझी केलीत. जिची करायची ती बाहेर बसली होती. तिला तुमच्या माणसाने पाणीसुद्धा विचारलं होतं. फक्त कारण सांगितलं नाही."

वकिलांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी ते त्यांच्याकडे परत सरकवलं.

"निलंबनाचं पत्र द्या," मी म्हटलं. "मराठीत द्या. मला सगळं नीट वाचायचंय."

त्यांनी पत्र दिलं. पाटी उतरवली. नौशादच्या जागी पुण्याचा माणूस आला आणि सर्व्हिस मोड बंद झाला. नौशादची बदली लातूरला केली. मी त्याला फोन करून माफी मागितली, तर म्हणाला, "राहू द्या साहेब, तिकडं उन्हाळा जास्त हाय एवढंच. मशीन तिकडंबी हाय."

ती पाटी मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन बनबनच्या समोरच्या फुटपाथवर बसलो, पाटी गुडघ्यांना टेकवून. नाव ठेवलं, "मॅनेजर" हा शब्द खोडला. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "आत मशीन तुमचा श्वास घेतं. काय दिसलं ते विचारा. सांगत नसतील तर लेखी मागा." नव्या मॅनेजरने पोलीस बोलावले. हवालदार आले, पाटी वाचली, फुटपाथ महापालिकेचा आहे असं नव्या मॅनेजरला सांगितलं, आणि आत जाऊन स्वतः फुंकून आले. काय दिसलं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून ते रोज विचारायला येतात. गणवेशात येतात.

मेहुण्याने फोन केला, "दाजी, आमच्या अक्काचं नाव असं रस्त्यावर आणू नका." मी म्हटलं, "तिचं नाव पाटीवर नाही. माझं आहे. तिचा श्वास माझ्या नावावर होता, तो मी फेडतोय म्हण." रविवारी तो येऊन माझ्या शेजारी तासभर बसला.

मराठेबाईही आल्या एकदा. यजमानांना न सांगता आल्या होत्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माझा अजूनही तुमच्यावर राग आहे. पण माझा तो श्वास त्यांच्याकडे आहे आणि मला तो बघू देत नाहीत, याचा जास्त आहे. अर्ज कसा करायचा?" मी त्यांना सांगितलं. त्यांच्यासारख्या पुष्कळांनी अर्ज केले आहेत. कंपनी काही देत नाही, म्हणून आम्ही ग्राहक न्यायालयात गेलो, तारीख पडली आहे. निकाल कुणाच्या बाजूने लागेल ते मला सांगता येत नाही, आणि तो काहीही लागला तरी मी खुर्ची हलवणार नाही.

एक्स-रेचं पाकीट घेऊन आलेल्या त्या बाईंनी पार्सलचे पैसे फोनवरून दिले होते. त्यांचं नाव आणि नंबर कंपनीकडे आहे. मी तीन वेळा मागितला, कंपनी देत नाही. त्यांना अजून कुणीही सांगितलेलं नाही.